भुसावळचं परसातलं पॉलीहाऊस: वादळात काय सुटलं आणि परत कसं बांधलं

परसात पॉलीहाऊस करायचं म्हटलं की लोक पहिला प्रश्न प्लास्टिकचाच विचारतात, किती मायक्रॉन जाडीचं घेऊ, किती वर्षं टिकेल, कुठे स्वस्त पडेल. मी ड्रिप आणि शेडनेटच्या फिटिंगच्या लाईनीत आहे त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो आणि मी उलट विचारतो की भाऊ, खांब कशात रोवणार आणि दार कुठल्या दिशेला ठेवणार ते आधी सांगा. आपल्या खान्देशात परसातली शेडं प्लास्टिक हलकं निघालं म्हणून क्वचित कोसळतात, खांबाचा बुडखा सुटतो आणि दार उघडतं म्हणून जास्त कोसळतात. हे मी का म्हणतो ते कळावं म्हणून भुसावळच्या एका काका-काकूंचं प्रकरण सुरुवातीपासून लिहितोय, त्यांना विचारूनच लिहितोय, नाव-पत्ता तेवढा टाकत नाही.

काका रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झाले. घराच्या मागे मोकळी जागा, पश्चिमेला कंपाऊंडच्या पलीकडे शेतं, मधे वारा अडवायला काहीच नाही. माती काळी, चांगली खोल. काकांना भरताच्या वांग्यांचं रोप तयार करायची हौस, बामणोदकडचं बी आणतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला अर्ध्या कॉलनीला रोपं वाटतात. काकूंचं लक्ष अडेनियम आणि डेंड्रोबियम ऑर्किडवर. दोघांचं मिळून एक शेड असावं म्हणून गावातल्याच एका वेल्डिंगवाल्याकडून १० बाय २० फुटांचं करून घेतलं, मधे ९ फूट उंच, एक इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचे ६ खांब आणि वर वाकवलेल्या कमानी. वर आणि चारही बाजूंनी २०० मायक्रॉनची यूव्ही फिल्म, म्हणजे प्लास्टिक चांगलंच होतं. पण गरम हवा वरून निघून जायला जागा शून्य, आणि दार पश्चिमेला, आत उघडणारं, एका कडीवर. वेल्डरचा हात चांगला होता पण त्याने ते खिडकीच्या ग्रिलसारखं बांधलं, वाऱ्याचा हिशोब त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात आत पाय ठेववत नव्हता. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो हे आपल्याला नवीन नाही, आणि बंद प्लास्टिकच्या आत त्याच्याहून बरंच जास्त होतं कारण ऊन आत येतं आणि तापलेली हवा अडकून बसते. डेंड्रोबियमची पानं पिवळी पडली, मिरचीची रोपं करपली. ग्रीनहाऊसची पुस्तकी कल्पना थंड देशातली आहे, तिथे ऊब साठवायची असते. आपल्याकडे वर्षातले चार-पाच महिने ऊब बाहेर काढायची आणि उरलेल्या दिवसात पाऊस, गारपीट आणि थंडी अडवायची, अशी दुहेरी ड्युटी असते. एकाच कपड्यात ते होत नाही.

मग मे अखेरचं वादळ आलं. संध्याकाळची वेळ, आधी आभाळ धुळीने मातकट झालं, मग झोत सुरू झाले. रावेर-यावलकडे असल्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात हे दरवर्षी पेपरात वाचतोच आपण. काका घरातच थांबले आणि ते फार बरं केलं, कारण सुटलेली फिल्म आणि पाइप धरायला धावणं हा जिवाचा खेळ आहे, कुणी तसं करू नका. थोड्या वेळात शेड उचललं गेलं आणि कंपाऊंडवर उताणं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला बोलावलं. मी म्हटलं काहीच हलवू नका, आधी बघू दे. कारण पडलेलं शेड उचलून आवरलं की काय आधी सुटलं ते कधीच कळत नाही आणि मग लोक परत तसंच बांधतात.

काय सापडलं

वायव्येचा खांब बुडातल्या सिमेंटच्या गोळ्यासकट मुळा उपटावा तसा बाहेर आला होता. गोळा अख्खा, साधारण ९ इंच रुंद आणि फूटभर उंच, आणि त्याला मातीचा कण चिकटलेला नव्हता. खड्ड्यात बघितलं तर कडेने बोट जाईल एवढी फट, आणि फटीच्या आतला भाग घासून गुळगुळीत झालेला. म्हणजे गोळा त्या दिवशी नाही सुटला, तो बरेच दिवस आत हलत होता.

दाराची कडी वाकली नव्हती. जिथे ती अडकते ते पत्र्याचं भोक लांबट झालं होतं, म्हणजे वाऱ्याने दार खडखडून खडखडून भोक मोठं केलं आणि एका झोतात दार आत उघडलं. आणि फिल्म? ती मधे कुठेही फाटली नव्हती, बरोबर पाइपाच्या रेषेवर फाटली होती, प्रत्येक कमानीवर सरळ चिरा. त्या चिरेजवळचं प्लास्टिक मी बोटात धरून दुमडलं तर कुडकुड वाजून तुटलं, आणि तिथून वीतभर बाजूचं अजून मऊ, चिवट.

तर क्रम असा लागतो, आधी दार उघडलं, वारा आत भरला, छत आतून फुगलं आणि वरून जाणाऱ्या वाऱ्याने त्याला ओढ दिली, ज्या कोपऱ्याची पकड सर्वात कमी तो वायव्येचा खांब सुटला, एक सुटल्यावर बाकीच्यांवर वाकडा ताण आला, आणि फिल्म शेवटी फाटली. लोकांना शेवटचं दिसतं म्हणून सगळे प्लास्टिकला दोष देतात.

थोडा हिशोब

हा हिशोब काकांना कागदावर करून दाखवला तेव्हा ते गप्प बसून बघत राहिले, कारण त्यांना लोखंड कळतं. वाऱ्याचा दाब काढायचं सोपं सूत्र आहे, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ८० किमीचा झोत म्हणजे साधारण २२ मीटर प्रति सेकंद, दाब आला सुमारे ३०० न्यूटन, आपल्या भाषेत चौरस मीटरला ३० किलो. शेडचं छत १० बाय २० म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. दार उघडं असेल तर आतून ढकल आणि बाहेरून ओढ मिळून जवळजवळ हा सगळा दाब वर उचलायला लागू शकतो, म्हणजे साडेपाचशे किलो. आणि शेडचं स्वतःचं वजन किती, पाइप धरा शंभर किलो, सहा गोळे तीस-तीस किलोचे म्हणजे एकशेऐंशी, एकूण पावणेतीनशेच्या आसपास. उरलेली पकड मातीने द्यायची होती, आणि मातीने ती दिली नाही.

का दिली नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फूटभर खोलीपर्यंत तर ती वर्षभर श्वास घेतल्यागत वर-खाली होत असते. फेब्रुवारीनंतर भेगा पडायला लागतात, एप्रिल-मे मधे खांबाभोवती फट तयार होते. आणि आपलं सर्वात जोराचं वादळ कधी येतं? मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, मान्सून लागायच्या आधी. म्हणजे वर्षात जमिनीची पकड जेव्हा सर्वात कमी असते नेमका तेव्हाच सर्वात मोठा झोत येतो. मुरमाड जमिनीतलं हेच शेड कदाचित टिकलं असतं. यूट्यूबवर फूटभर खड्डा आणि एक घमेलं काँक्रीट दाखवतात, ते बघून आपल्या काळ्या रानात बांधलं की हे असं होतं.

यावर उपाय नवीन नाही. काळ्या मातीत इमारतींसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेल्या पाइल्सची पद्धत कधीच विकसित केलीय, खाली काँक्रीटचा कंद, वर बारीक दांडा, म्हणजे वरची माती कितीही हलली तरी खालचा कंद धरून ठेवतो. इमारतीसाठी ते साडेतीन मीटर किंवा त्याहूनही खोल जातात. परसातल्या शेडला एवढं नको, पण कल्पना तीच उचलायची.

परत उभारणी

आम्ही ६ च्या जागी ८ खांब घेतले. खड्डा ३ फूट खोल, वर ९ इंच रुंद आणि तळाचा शेवटचा फूट पहारीने आणि हाताने कोरून १६ इंचांपर्यंत मोठा केला. मे अखेरची सुकी माती कोरायला अवघड होती, मजूर वैतागला, पण ओल्या मातीत कड ढासळते म्हणून पावसाच्या आधीच उरकलं. पाइपाच्या बुडात आडवी सळई आरपार घातली, नाहीतर पाइप काँक्रीटमधून सरकून वर येतो. एकेका खड्ड्यात दीडशे किलोच्या आसपास काँक्रीट गेलं, आठांचं मिळून बाराशे किलो, म्हणजे साडेपाचशेच्या दुप्पट, माती अजिबात धरली नाही तरी. दांड्याच्या भोवती थोडी जागा ठेवून मुरूम ठोकला, म्हणजे काळी माती फुगली की थेट दांड्याला धरून वर ढकलणार नाही. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर चार बोटं आणि उतरता, पाणी पाइपापाशी साचू नये म्हणून, कारण जीआय पाइप बहुतेक वेळा जमिनीलगतच आधी सडतो. त्या पट्ट्यावर डांबराचा काळा पेंट दोन हात.

वेल्डिंग टाळलं. वेल्ड केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून सगळे जोड क्लॅम्प आणि नट-बोल्टचे. इथे काकांचा हात लागला. ते म्हणाले, "हे बघ भो, हलणाऱ्या लोखंडावर एका नटाचा भरवसा धरायचा नाही," आणि प्रत्येक बोल्टला दुसरा चेक नट स्वतः बसवला. चारही कोपऱ्यांत तिरके टेके टाकले, हे आधी नव्हतेच.

दार पूर्वेला नेलं, बाहेर उघडणारं, म्हणजे बाहेरून दाब आला तर चौकटीवर टेकून बसतं, आतून ढकल आली तर कड्या धरतात. वर एक कडी, खाली एक कडी, मधे हूक. पश्चिमेला आता दारच नाही. छताच्या माथ्याला पूर्वेकडे दीड फुटाची फट पूर्ण २० फूट लांबीत ठेवली, तिला ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीटक अडवणारी नेट आणि वरून सोडायचा पडदा. ती फट ३० चौरस फूट झाली, म्हणजे जमिनीच्या १५ टक्के, त्यात बाजूच्या जाळ्या धरल्या की हवा बऱ्यापैकी खेळते. पश्चिमेचा वारा वरून जाताना फटीच्या बाजूला ओढ तयार होते आणि गरम हवा आपोआप निघते, लाईट नसली तरी. लोडशेडिंगच्या दिवसात ही गोष्ट फॉगरपेक्षा (पाण्याचं धुकं उडवणाऱ्या नॉझलपेक्षा) मोलाची आहे.

बाजूंना फिल्म न लावता ४० मेश जाळी आणि बाहेरून गुंडाळून वर जाणारे पडदे. पांढऱ्या माशीसाठी ५० मेश जास्त चांगली, पण आपल्या उन्हाळ्यात ती हवा फार अडवते, म्हणून ४० वरच थांबलो. ज्याला मिरचीवर व्हायरसचा फार त्रास असेल त्याने वेगळा विचार करावा.

पावसाळाभर आम्ही छतावर फिल्म टाकलीच नाही. रोपांसाठी खाली बुटका टनेल (बोगद्यासारखं आच्छादन) केला आणि सांगाडा तसाच उभा ठेवला, कारण नवीन पाया पहिल्या पावसात कसा वागतो ते बघायचं होतं. काकांनी पाण्याच्या लेव्हल नळीने आठही खांबांवर एका उंचीची खूण करून ठेवली होती. ऑगस्टमधे परत नळी धरली तर सात खांब जागेवर आणि आग्नेयेचा एक थोडा वर उचललेला. तिथेच मोरीचं पाणी मुरत होतं, तेवढीच माती सतत ओली, म्हणून जास्त फुगलेली. मोरीचं पाणी पाइपने लांब नेलं, शेडभोवती दोन फूट मुरमाचा पट्टा केला आणि तो प्रश्न संपला. हे लेव्हलचं काम फुकटात होतं आणि कुणीच करत नाही, माझी सगळ्यांना विनंती आहे की वर्षातून दोनदा करा, मे मधे आणि ऑगस्टमधे.

फिल्म कधी आणि कशी

फिल्म ऑक्टोबरमधे, पाऊस उघडल्यावर, वारा नसलेल्या सकाळी टाकली. प्लास्टिक उन्हात लांबतं आणि थंडीत आकसतं. डिसेंबरच्या पहाटे ताणून बसवलेली फिल्म मे मधे सैल होऊन फडफडते, आणि फडफड सुरू झाली की ती पाइपावर घासून जाते. भर मे मधल्या दुपारी ताणलेली डिसेंबरमधे एवढी आवळते की कडेला ओढ बसते. म्हणून मधलं तापमान गाठायचं.

पट्टी आणि स्क्रूऐवजी ॲल्युमिनियमचं खाच असलेलं प्रोफाइल आणि त्या खाचेत फिल्म दाबून धरणारी झिगझॅग स्प्रिंग वापरली. स्क्रूने फिल्मला भोक पडतं आणि प्रत्येक भोक ही उद्याची चीर असते, स्प्रिंग सगळ्या कडेवर ताण वाटून घेते, शिवाय काढ-घाल करता येते. ज्या पाइपावर फिल्म टेकते त्याची वरची बाजू पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली. तुम्हाला आठवत असेल आधीची फिल्म बरोबर पाइपाच्या रेषेत कुडकुडीत झाली होती, त्याचं कारण हेच, मे च्या उन्हात पाइप हात लावला तर चटका बसतो एवढा तापतो आणि तेवढा पट्टा रोज भाजून निघतो. पांढरा रंग ऊन परतवतो. पीव्हीसी पाइप फिल्मला टेकू द्यायचा नाही, त्यातल्या क्लोरीनमुळे फिल्ममधलं यूव्हीपासून वाचवणारं औषध लवकर मरतं. गंधकाचंही तसंच आहे. काकू भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) आत गंधक धुरळायच्या, ते बंद करायला लावलं, आता कुंडी बाहेर काढून फवारतात, पानं वाळली की आत. एवढं सांभाळलं तर २०० मायक्रॉनची चांगली फिल्म साधारण तीन वर्षं काढते.

बारीक चीर पडली तर पॅकिंगची टेप नको, एका उन्हाळ्यात ती तांबडी होऊन गळून पडते. पॉलीहाऊस दुरुस्तीची यूव्ही टेप मिळते, चीर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायची आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून लावायची.

वर्षभराचं चक्र

फेब्रुवारीच्या मध्याला छताच्या वर फूटभर अंतर सोडून पांढरी ५० टक्के शेडनेट तारांवर ताणतात. एवढ्या लवकर का असं काकूंनीही विचारलं होतं, थंडी पुरती गेलेली नसते. कारण गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधे राज्यभर जी गारपीट झाली ती शेतकरी विसरलेले नाहीत, गार जाळीवर आपटली की तिचा जोर तिथेच मरतो आणि फिल्म वाचते. आणि नेट बाहेरच हवी, आतून बांधली तर ऊन आधी आत येतं आणि मग अडतं, उष्णता आतच राहते. काळी नेट स्वस्त मिळते पण ती स्वतः तापते आणि खाली धग सोडते, आपल्या हवेत माझ्या मते घेऊच नये.

एप्रिलपासून बाजूचे पडदे पूर्ण वर, माथ्याची फट उघडी, पश्चिमेच्या जाळीवर दुपारी ओलं बारदान. फॉगर ११ ते ४ मधे थोडा-थोडा वेळ. मे मधे दुपारी हवेत ओल १५-२० टक्क्यांवर येते, त्यामुळे पाणी लगेच वाफ होऊन हवा गार करतं, कूलरचं तत्त्व तेच. गेल्या मे मधे बाहेर ४४ असताना आत झाडांच्या उंचीवर सावलीत टांगलेला थर्मामीटर ३८-३९ दाखवत होता. ऑर्किडला ते सुखाचं नाही पण जगायला पुरतं. अडेनियम मात्र उन्हाळ्यात आत ठेवायची गरजच नाही, ते वाळवंटी झाड, त्याला बाहेर उन्हात मजा येते, त्याने रिकामी झालेली जागा रोपांना मिळते. पावसाळ्यात त्याला आत घ्यायचं, ओल साचली की त्याचा कंद सडतो.

फॉगरची खरी कटकट म्हणजे बोअरचं जड पाणी. नॉझलच्या तोंडावर क्षाराची पांढरी टोपी बसते, आधी फवारा वाकडा जातो, मग थेंब गळायला लागतात आणि खालचं रोप सडतं. १२० मेशचा फिल्टर लावलाच पाहिजे, पण फिल्टरने कचरा अडतो, विरघळलेला क्षार नाही. त्यासाठी नॉझल काढून रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकायचे आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचे. सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि धुक्याऐवजी पाऊस पडतो. पंपाच्या लाइनला आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतलाय, ओल्या जागेत वीज आहे, तिथे काटकसर नको.

वादळाचा ढग दिसला की काका-काकूंची कामं ठरलेली. बाजूचे पडदे खाली सोडून खालचा पाइप हुकात अडकवणं, माथ्याची फट बंद, दाराच्या दोन्ही कड्या आणि हूक, शेडजवळच्या रिकाम्या कुंड्या, पाट्या, बादल्या उचलून घरात. हे झोत सुरू व्हायच्या आधी. सुरू झाला की घरात. मे च्या सुरुवातीला ते प्रत्येक बोल्टला पाना लावतात आणि प्रत्येक खांब हाताने हलवून बघतात, बुडाशी भेग दिसली तर मुरूम भरून ठोकतात, तिथे पाणी ओतत बसत नाहीत.

जूनमधे शेडनेट काढून धुऊन घडी करून ठेवायची, नाहीतर ढगाळ दिवसात रोपं उंच आणि लुकडी होतात. पावसाळ्यात छतावर पाणी साचून पोटं तयार होतात, फिल्म सैल असेल तर एकेक पोट वाढतच जातं. खालून काठीने ढकलून पाणी घालवायचं असेल तर काठीला कापड गुंडाळा. आणि छताचं पाणी कुठे जातं हे बघा. ५० मिमी पावसात या एवढ्याशा छतावरून ९०० लिटरच्या वर पाणी उतरतं आणि ते सगळं खांबाच्या बुडाशी मुरलं तर काळी माती काय करते ते वर सांगितलंच आहे. काकांनी पत्र्याची पन्हाळ लावून ते ड्रममधे घेतलंय, जास्तीचं नालीत.

थंडीत आपल्याकडे पहाटे ८-१० अंशांपर्यंत उतरतं. नोव्हेंबरमधे फिल्म साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुतली की धूळ आणि शेवाळ निघून उजेड चांगला येतो. पडदे सूर्य मावळायच्या तासभर आधी सोडायचे म्हणजे दिवसाची ऊब आत राहते, सकाळी ९ नंतर वर करायचे म्हणजे रात्रीचा दमटपणा निघतो, नाहीतर भुरी आणि करपा. साधं प्लास्टिक रात्री उष्णता बरीच बाहेर जाऊ देतं, निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री आत-बाहेर जवळजवळ सारखंच तापमान होतं, म्हणून नुसत्या फिल्मवर विसंबायचं नाही. पन्हाळीचे दोन २०० लिटरचे ड्रम काळे रंगवून आत पश्चिमेच्या भिंतीला ठेवलेत. एक ड्रम १० अंश गार होताना सव्वादोन युनिटच्या वर उष्णता सोडतो, बिल न भरता. ऑर्किडच्या रॅकवर रात्री काकूंच्या जुन्या सुती साड्या टाकतात.

सध्याची स्थिती

त्यानंतर दोन मे आणि दोन जून गेले, वादळं आली, मागच्या वर्षीच्या एका वादळात शेजारच्या गच्चीवरचे पत्रे उडाले. शेडचा एकही खांब हलला नाही, शेडनेटची एक तार तुटली आणि पूर्वेच्या पडद्याचा हूक सरळ झाला, तो जाड सळईचा करून घेतला. सगळ्या खर्चात खाली जमिनीत जेवढे पैसे गेले ते फिल्मच्या खर्चापेक्षा जास्त होते आणि काकांना ते सुरुवातीला पटत नव्हतं, आता तेच कॉलनीत सगळ्यांना खड्डा किती खोल घ्यायचा ते सांगतात.

दोन गोष्टी बाकी आहेत. दक्षिणेला कडुनिंब आहे, त्याची एक फांदी शेडवर येते, दुपारची सावली देते म्हणून काकूंना ती तोडायची नाही, मला ती वादळाच्या दृष्टीने धोक्याची वाटते. तूर्तास वाळलेल्या काटक्या काढून फांदीचं ओझं कमी करायचं एवढं ठरलंय. दुसरं म्हणजे फिल्मला येत्या ऑक्टोबरमधे तीन वर्षं होतील. माथ्याजवळ हात लावला तर अजून चिवट आहे, पाइपाच्या रेषेतही दुमडून बघितली, तुटत नाही. तरी बदलायचीच असं ठरवलंय, कारण ती फाटेपर्यंत थांबलो तर ती नेमकी मे मधे फाटेल आणि तेव्हा बसवायला ना वेळ मिळतो ना हवा. काढलेल्या फिल्मचा चांगला भाग कापून जूनमधल्या वांग्याच्या रोपांच्या टनेलला वापरणार, त्याचं माप काकांनी घेऊन ठेवलंय.